स्लीप स्टडीचे सेन्सर लावताना : माझा अनुभव

स्लीप स्टडी म्हणजे पेशंटची झोप, श्वास आणि हालचाल रात्रभर सेन्सरने नोंदवण्याची तपासणी. पेशंट झोपल्यावर सेन्सर सरकला, तर तो नीट करायला पेशंटला जागं करावं लागतं आणि त्या रात्रीची झोप मोडते ती मोडतेच. त्यामुळे दिवे बंद होण्याआधीच्या तासाभरात मी अजिबात घाई करत नाही.

सुरुवात पायांपासून. "काका, पंजा वर ओढा," म्हटलं की नडगीच्या बाहेरच्या बाजूला जो स्नायू फुगतो, त्याच्या मध्यावर लांबीच्या दिशेने दोन इलेक्ट्रोड, २ ते ३ सेंमी अंतरावर. केस असतील तर काढायचे, त्वचा स्क्रब जेलने घासायची. दोन्ही पायांना वेगळे चॅनल, म्हणजे नोंदीच्या वेगळ्या रेघा, द्याव्यात. पायांची हालचाल मोजताना ०.५ ते १० सेकंद टिकणारी आणि विश्रांतीच्या पातळीपेक्षा ८ मायक्रोव्होल्टनी वाढलेली लहर शोधायची असते. वायर सैल सोडली तर कूस बदलताना ओढली जाऊन नेमकी तशीच लहर उमटते. म्हणून वायरला छोटा वळसा देऊन तो टेपने चिकटवायचा.

मग श्वासाची हालचाल टिपणारे पट्टे : एक काखेखाली छातीवर, दुसरा बेंबीच्या पातळीवर. आम्ही इंडक्टन्सचे (तारेचा एक विद्युत गुणधर्म मोजणारे) पट्टे वापरतो. त्यात नागमोडी शिवलेली तार असते. श्वासाबरोबर घेर बदलला की तिचा इंडक्टन्स बदलतो. पिएझो (ताण पडला की वीज निर्माण करणाऱ्या) पट्ट्यात ताण एकाच ठिकाणी मोजला जातो, त्यामुळे पेशंट त्या बाजूवर झोपला की सिग्नल फसवा होतो. पट्टा बसलेल्या पेशंटला बांधला, तरी आडवं झाल्यावर पुन्हा जुळवावाच लागतो, कारण पोटाचा आकार बदलतो. मोठ्या पोटावर खालचा पट्टा वर सरकून छातीच्या पट्ट्याला भिडतो. घसा बंद होऊन श्वास अडला की छाती आणि पोट उलटसुलट हलतात. पट्टे एकत्र आले की हा फरक पुसला जातो आणि श्वास अडथळ्यामुळे थांबला की मेंदूकडून आज्ञाच आली नाही, हे कळत नाही. दोन्ही बाजूंना टेप लावली की प्रश्न सुटतो.

सर्वांत जास्त वेळ मी नाकाला देतो. इथे दोन सेन्सर लागतात आणि एकाचं काम दुसऱ्याने भागत नाही. प्रेशर कॅन्युला, म्हणजे हवेचा दाब मोजणारी नाकातली नळी, प्रवाहातली बारीक घट पकडते, म्हणून हायपोप्निया (श्वास उथळ होणं) तिच्यावर मोजतात : ३० टक्के किंवा जास्त घट, किमान १० सेकंद, सोबत ऑक्सिजनची घट किंवा झोपेतून क्षणिक जाग. पण तोंडाने श्वास सुरू झाला की कॅन्युलाची रेघ सपाट होते आणि नसलेला अप्निया (श्वास थांबणं) दिसू लागतो. तिथे थर्मिस्टर, म्हणजे श्वासाच्या हवेचं तापमान टिपणारा सेन्सर, हवा. अप्नियासाठी त्याच्यावरच ९० टक्के घट पाहतात. त्याचे मणी नाकपुड्यांसमोर आणि ओठांसमोर हवेत लोंबते राहायला हवेत. मणी त्वचेला टेकला की तो शरीराचं तापमान मोजत बसतो आणि रेघ मंदावते. उन्हाळ्यात एसी बंद पडला तरी हेच होतं, कारण आत घेतलेली आणि बाहेर सोडलेली हवा जवळजवळ सारख्याच तापमानाची होते. कॅन्युलाच्या दोन्ही नळ्या कानामागून घेऊन गालावर टेप. नाक चोंदलेलं असेल तर तसं आधीच नोंदवून ठेवावं.

बोटाच्या ऑक्सिमीटरसाठी नेलपॉलिश काढायला सांगतो. बोट गार असेल तर आधी ऊब देतो. सरासरीचा कालावधी (ऑक्सिमीटर जितक्या वेळाची सरासरी काढून आकडा दाखवतो तो) ३ सेकंद किंवा कमी हवा. तो जास्त राहिला तर लहान घटी बुजून जातात.

शेवटी आडव्या पेशंटकडून तपासणी. "तोंड मिटून नाकाने श्वास घ्या. आता फक्त तोंडाने. आता १० सेकंद श्वास धरा." नाक, तोंड आणि दोन्ही पट्टे एकदम सपाट व्हायला हवेत. ऑक्सिजनचा आकडा लगेच हलत नाही. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून स्कोअरिंग (नोंद वाचून घटना मोजणं) करताना घट श्वासबंदानंतर काही सेकंदांनी शोधायची. मग उजवा पंजा, डावा पंजा. उजवा हलवल्यावर डावं चॅनल उसळलं तर वायरी उलट लागल्या आहेत. कूस बदलायला लावून पोझिशन सेन्सरही कॅमेऱ्याशी ताडून बघतो, कारण तो उलटा बसला तर डावी-उजवी कूस रिपोर्टमध्ये अदलाबदल होते. सगळं जुळलं की वेळ नोंदवून दिवे बंद.