आणखी किती प्रश्न सोडवू?

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी कोडिंगचे इंटरव्ह्यू घेतोय, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो: "लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाची वेबसाइट) तीनशे प्रश्न झाले, तरी मोठ्या कंपनीच्या राउंडमध्ये उडतो. आणखी किती सोडवू?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. तीनशे खरंच झाले असतील, तर नवीन प्रश्न सध्या बंद करा. सोडवलेल्यातलेच तीस-चाळीस पुन्हा काढा आणि या वेळी ते कुणाच्या तरी समोर, बोलत बोलत सोडवा.

हे मी का म्हणतो ते कळायला निर्णय कसा होतो हे माहीत हवं. पंचेचाळीस मिनिटांचा राउंड संपला की इंटरव्ह्यू घेणारा लेखी फीडबॅक भरतो. प्रश्न काय होता, तुम्ही आधी काय विचारलंत, कुठला मार्ग घेतलात आणि का, कुठे अडलात, चूक स्वतः पकडलीत की दाखवावी लागली, असं सगळं त्यात येतं. गूगलमध्ये तर हायरिंग कमिटीचीच पद्धत रूढ झाली: तुम्हाला कधीही न भेटलेली माणसं ते कागद वाचून मत देतात. म्हणजे जे तुमच्या डोक्यात आलं पण तोंडातून बाहेर पडलं नाही, ते त्या कागदावर नाही. कमिटीच्या लेखी ते घडलंच नाही.

एक साधा प्रश्न घेऊ. आकड्यांचा एक ॲरे, म्हणजे ओळीने मांडलेली यादी, दिलाय, त्यातले दोन आकडे असे शोधा की त्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी येईल. हा प्रश्न तुम्ही पाहिलेला असणार. बहुतेक जण ऐकताक्षणी 'हॅशमॅप' (साठवलेला आकडा लगेच शोधून देणारी रचना) म्हणतात आणि टाइप करायला लागतात. पण ॲरे सॉर्ट केलेला, म्हणजे क्रमाने लावलेला, आहे का? तोच आकडा दोनदा येऊ शकतो का? जोडी सापडलीच नाही तर काय परत करायचं? हे तीन प्रश्न विचारायला मिनिटभर लागतं, आणि फीडबॅकमध्ये त्याची चांगली नोंद होते. शिवाय ॲरे सॉर्ट केलेला निघाला तर हॅशमॅपची गरजच उरत नाही, दोन टोकांकडून दोन पॉइंटर (जागा दाखवणाऱ्या खुणा) आत आणले की काम होतं.

सॉर्ट केलेला नाही असं धरू. मग ब्रूट फोर्स आधी तोंडी सांगा: प्रत्येक जोडी तपासायची. एक लाख आकडे असतील तर जवळपास पाचशे कोटी जोड्या होतात. हॅशमॅपने तेच काम एका फेरीत होतं, त्याबदल्यात जास्तीची मेमरी लागते. हा हिशोब मोठ्याने मांडलात की तुम्हाला उत्तर नुसतं पाठ नाही, ते का चालतं हेही माहीत आहे, हे समोरच्याला कळतं.

आणि मग कोड लिहून झाल्यावर "झालं" म्हणून थांबू नका. ॲरे ५, ३, ७ आणि हवी असलेली बेरीज १० घ्या. तुम्ही आधी सगळे आकडे मॅपमध्ये भरले असतील आणि मग शोधत असाल, तर पहिल्याच ५ ला जोडीदार म्हणून ५ हवाय, आणि मॅपमध्ये ५ आहे, म्हणजे तो स्वतःच. कोड चुकीचं उत्तर देईल. आधी शोधायचं, मग तो आकडा मॅपमध्ये टाकायचा, एवढी उलटापालट केली की प्रश्न सुटतो. हा ड्राय रन, म्हणजे कोड असा हाताने चालवून बघणं, कॅंडिडेटने कुणी न सांगता केला की मला मनापासून आनंद होतो, कारण रोजच्या कामात मला असाच सहकारी हवा असतो. कसलेल्या लोकांच्याही हातून अशा गोष्टी सुटतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधण्याची पद्धत) मधला इंडेक्स, म्हणजे मधली जागा, काढताना दोन टोकांची बेरीज इंटिजरच्या मर्यादेबाहेर जायची, आणि हा बग वर्षानुवर्षं तसाच होता. २००६ मध्ये जावाच्या लायब्ररीवर काम केलेले इंजिनिअर जोशुआ ब्लॉख यांनी त्यावर जाहीरपणे लिहिलं.

"घरी जमतं, तिथे डोकं बंद पडतं" हेही खूप जण सांगतात. ते खरं आहे आणि त्यात तुमची बुद्धी कमी पडत नाही. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी कॉम्प्युटर सायन्सच्या ४८ विद्यार्थ्यांना व्हाइटबोर्डवर प्रश्न सोडवायला दिला. काहींनी तो इंटरव्ह्यू घेणाऱ्यासमोर बोलत सोडवला, काहींनी खोलीत एकट्याने. नुसतं कुणीतरी बघतंय म्हणून कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. माझ्या मते हा या पद्धतीचाच दोष आहे आणि कंपन्यांनी तो गांभीर्याने घ्यायला हवा. पण तुमचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात असेल, तर कुणीतरी बघत असताना काम करण्याची सवय लावणं एवढंच तुमच्या हातात आहे. मित्र, बहीण, जुना सहकारी, कुणीही चालेल. त्यांना कोडिंग यायलाच हवं असंही नाही, समोर बसून "हे का केलंस?" एवढं विचारलं तरी पुरे. अखंड बोलायचीही गरज नाही. "मला दोन मिनिटं विचार करू द्या" असं सांगून गप्प बसलेलं कुणालाही खटकत नाही.

हिंट मिळाली तर घ्या. आम्ही ती अडवण्यासाठी देत नाही. हिंट झटकून आपलाच मार्ग रेटणारा कॅंडिडेट मला जास्त काळजीत टाकतो.

वागणुकीच्या राउंडची तयारी फार कमी लोक करतात. ॲमेझॉनमध्ये प्रश्न त्यांच्या १६ लीडरशिप प्रिन्सिपल्सना धरून येतात, इतरत्र नावं वेगळी असतात, पण विचारतात तेच: मतभेद झाला तेव्हा काय केलंत, डेडलाइन हुकली तेव्हा काय केलंत. इथे "आम्ही मायग्रेशन (जुन्या सिस्टिमवरून नव्यावर जाणं) केलं" यापुढे गाडी सरकत नाही. तुम्ही स्वतः कुठला निर्णय घेतलात, दुसरा पर्याय का सोडलात, शेवटी काय झालं, हे सांगा. असे पाच-सहा खरे प्रसंग आधी लिहून काढा. रचलेला प्रसंग तिसऱ्या उपप्रश्नाला उघडा पडतो.

शेवटची पाच मिनिटं तुमची असतात. ऑनकॉल (बिघाड झाला तर धावून जाण्याची पाळी) किती जणांमध्ये फिरतो, कोड रिव्ह्यूला (सहकाऱ्याने कोड तपासण्याला) साधारण किती वेळ लागतो, गेल्या मोठ्या आउटेजनंतर (सेवा बंद पडल्यानंतर) टीमने काय बदललं, हे विचारा आणि उत्तरं टिपून ठेवा. ऑफर आली तर टीम निवडताना ती कामाला येतील.