आमची वाटचाल : टेस्ट राईड आमच्याकडं, बुकिंग तिकडं

२०१८ च्या दिवाळीत टेस्ट राईडची वही घेऊन बसलो आन मोजलं, तर आमच्या मोटारसायकलच्या दुकानात गाडी चालवून बघितलेल्या १९ गिऱ्हाइकांनी बुकिंग बायपासवरच्या नव्या शोरूमला केलेलं. पेट्रोल आमचं, बिनपासिंगची गाडी रोडवर न्यायला लागती ती ट्रेड सर्टिफिकेटची प्लेट आमची, मागं बसून गेलेलं पोरगं आमचं, आन पेढे तिकडं. त्यांच्याकडं टेस्ट राईड म्हणजे कंपाऊंडमधी दोन चकरा, दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जातच नाही, पण हेल्मेट फुकट आन दीड हजार कमी म्हणलं की माणूस तिकडं. हे अजून लागतं मनाला. सगळे म्हणले तुम्हीपण बंद करा लांबची राईड. नाही केली.

मी मूळचा गॅरेजवाला. अंबाजोगाईत २००६ ला सबडीलरशिप घेतली, म्हणजे मेन डीलरकडून गाड्या आणून विकायच्या, त्याच्या आधी बारा वर्षं पाने हातात. टी-पाना, रिंग पाने, मॅग्नेट पुलर, आन एक फिलर गेज, बारीक फट मोजायच्या पात्यांचं, जे आजपण गल्ल्यात आहे, पात्या काळ्या पडल्यात पण इंजिनातल्या टॅपेटची फट मी त्याच्यानंच बघतो. टेस्ट राईडची गाडी रोज सकाळी मीच हातात घेतो, चेन बोटानं वर-खाली करून बघायची, क्लच केबलचा ढिलेपणा, मागच्या टायरची हवा. लई ठिकाणी डेमोची गाडी म्हणजे बेवारस, ब्रेक ढिल्ले, आरसा एकच, मग गिऱ्हाइकाला गाडी कळणार कशी सांगा.

लांबच्या राईडची सवय आम्हाला आबांनी लावली. दूधवाले आबा, तेव्हा बजाजच्या जुन्या एम-एटी गाडीवर दूध आणायचे. २००९ च्या उन्हाळ्यात दुकानात आले ते दोन कॅन घेऊनच, वीस-वीस लिटरचे. हौदावर पाण्यानं भरले, झाकणाला फडकं लावून दाबलं, दोन्हीकडं बांधले. म्हणले, "रिकाम्या गाडीवर बसून काय बघू, रिकामा मी फिरतच नाही." मी मागच्या गाडीवर. मुकुंदराजाच्या समाधीकडच्या उतारावरून खाली गेले, परत येताना मधी चढावर गाडी मुद्दाम थांबवली, एक पाय टेकून उभे राहिले, आन हाफ क्लचवर पहिल्यात उचलली. गाडी मागं एक वीत नाही आली. दुकानात आल्यावर म्हणले, "मागचा शॉकप वजनानं दबायलाय, दोन खाचा वाढव." मी हुक पान्यानं दोन्हीकडं दोन-दोन खाचा वाढवल्या, म्हणजे स्प्रिंग कडक केली, ते परत एक चक्कर मारून आले आन रुमालातले पैसे सोडून मोजायला लागले. तेव्हापासून त्यांच्या घरात आमच्याच गाड्या.

मधली वर्षं चालली आपली. मोडलो ते २०२० ला. १ एप्रिलपासून बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातल्या गाड्यांची विक्री अन नोंदणी बंद हे सुप्रीम कोर्टानं २०१८ लाच सांगितलेलं, मलाही माहीत होतं. पण फेब्रुवारीत मेन डीलरनं ११ गाड्या गळ्यात मारल्या, पाडव्याला उडतील म्हणले. पाडवा होता २५ मार्चला, आन त्याच दिवशी देशात लॉकडाऊन लागलं. त्याच्या आधी पळापळ करून ५ गाड्या माझ्या, बायकोच्या, भावाच्या नावावर पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणी केल्या, ६ राहिल्या. कोर्टानं नंतर थोडी सूट दिली होती, जुलैत तीपण काढून घेतली. मेन डीलर फोन उचलेना. व्याज चालूच. सहा कोऱ्या गाड्या, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही, मी माझ्या हातानं खोलून स्पेअरमधी लावल्या. एक प्लॉट गेला त्यात.

लॉकडाऊननंतर दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक आबा. बायकोच्या नावावरची गाडी दाखवली, सेकंडहँड भावात. कॅन बांधले, तोच उतार, तोच चढ. आले आन पूर्ण पैसे दिले, म्हणले "लक्ष्मीच्या नावाची गाडी आहे, भाव करत नसतो." मी आत गॅरेजमधी जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

आता तुम्ही कुठूनही घ्या, पण सांगतो. चालू करायच्या आधी इंजिनजवळ हात न्या, गरम लागलं तर ती आधीच चालू करून ठेवलेली आहे, थंड गाडी कशी उचलते ते तुम्हाला कळणारच नाही. लायसन अन हेल्मेट घरून आणा. घरातली बाई रोज मागं बसणार असली तर तिला घेऊनच या, साडीवर एका बाजूनं बसून पाय फूटरेस्टला पुरतो का ते तिलाच कळतं. उभ्या गाडीवर न्यूट्रल लागतं का बघा, अन खड्ड्याच्या रस्त्यानं न्या, सिमेंटच्या रोडवर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. २२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांचा १८ टक्के झाला तेव्हा लोकं फोनवरच बुकिंग करायले, कलर कोणता एवढंच विचारायले. अशांनासुद्धा मी म्हणलो, आधी या, चालवा.

त्या दसऱ्याला आबा नातवाला घेऊन आले. नातू कॉलेजचा, त्याला कॅन बांधायची लाज वाटायली. आबांनी बांधायला लावले. अर्ध्या तासानं आला तर पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, झाकणाचं फडकं निघालं होतं. आबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही, मला विचारलं, "शॉकप कितीवर आहे?"

दुसऱ्या खाचेवर, म्हणलं.

"दोन वाढव."