आठ महिन्यांचा की साडेपाच?

ताईचं बाळ २९व्या आठवड्यात झालं, वजन ११५० ग्रॅम. काचेच्या पेटीतली त्याची अख्खी मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी होती. रोज सकाळी जिजूंचा फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज यायचा, आज १५ ग्रॅम वाढला, आज २०, आणि आमचा दिवस त्यावर चालायचा.

तेव्हा काकू धीर द्यायला म्हणायच्या, सातमाशी जगतं गं, आठमाशी नाही जगत. हे साफ चुकीचं आहे! पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या फुफ्फुसांना आणि मेंदूला मोलाचा असतो.

बाळ वाचलं, घरी आलं, सगळ्यांना वाटलं सुटलो. पण सेरेब्रल पाल्सीची (सीपी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा कायमचा परिणाम) भीती तिथून पुढे सुरू होते. पूर्ण दिवसांच्या बाळांत हजारात एखाद-दुसऱ्याला होतो हा त्रास, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत मात्र शंभरात दहाच्या आसपास. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा भाग या वयात फार नाजूक असतो आणि पायांकडे जाणाऱ्या नसा नेमक्या तिथूनच जातात, म्हणून बऱ्याचदा आधी पाय कडक होतात. पण जास्त बाळं वाचायला लागली म्हणून सीपी वाढतच गेला असंही नाही, युरोपात दीड किलोच्या आतल्या बाळांत १९८० साली हजारी ६० च्या आसपास असलेलं प्रमाण १९९६ पर्यंत ४० वर आलं होतं. ताईला डिलिव्हरीआधी मॅग्नेशियम सल्फेटचं सलाईन लावलं होतं, अंगाची नुसती लाही लाही झाली म्हणते, पण त्याने सीपीचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, हे कळल्यावर तिची काही तक्रार राहिली नाही.

आता तो आठ महिन्यांचा आहे, पण लवकर जन्मल्याचे अकरा आठवडे वजा केले की साडेपाच. त्यामुळे बसत नाही याची काळजी नाही, हे हिशोबाने बरोबर, पण "अशी मुलं उशिराच करतात" म्हणून फॉलोअप चुकवणं मला अजिबात पटत नाही. सीपीची लक्षणं सहा महिन्यांच्या आतही ओळखता येतात. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरींच्या टीमने १९८७ ते ८९ मधल्या दोन किलोच्या आतल्या बाळांना अठरा वर्षांची होईपर्यंत तपासलं, आणि आपण सहा महिन्यांत फाईल कपाटात टाकतो?

मागच्या वेळी डॉक्टरांनी त्याचा घोटा वर दाबून पाहिला, उजवा सहज वळला, डावा जरा अडला. मग परत दाबला. ताई काहीच बोलली नाही, नुसती त्याचा मोजा हातात धरून बसली होती. फिजिओ सुरू केलीय, घरी दिवसातून तीनदा. दुपारची पाळी माझी.