बसलेल्या माणसाचे बूट

माझ्या पहिल्या बुटांच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘उणे ४० अंशांपर्यंत’. त्या दिवशी बाहेर उणे १५ होतं. म्हणजे २५ अंश खिशात टाकूनच मी स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या मोटरगाडीवर, बसले. चाळीस मिनिटांनी थांबलो तेव्हा डाव्या पायाची करंगळी जागेवर आहे की नाही हे बूट काढून बघावं लागलं. होती. मेणासारखी पांढरी, आणि दाबून बघितली तर दुसऱ्याच कुणाची तरी असावी तशी.

मी चोळायला लागले तशी ताई ओरडली, “चोळू नकोस गं, कातडी जाईल!” ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिच्यामुळेच मी या नादाला लागले. तिने जॅकेटची चेन खाली ओढली, आतले दोन थर वर केले आणि माझं उघडं पाऊल सरळ स्वतःच्या पोटाला लावलं. त्यावर तिने जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. पंधरा मिनिटांनी करंगळीत जीव आला, आणि येताना त्याने माझा जीव काढला.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं म्हणत मी ते बूट कोपऱ्यात भिरकावले. पण आता इतक्या हिवाळ्यांनंतर वाटतं की तो आकडा अगदीच खोटा नसावा. तो फक्त माझ्यासाठी नव्हता. तो चालणाऱ्या माणसासाठी होता आणि मी बसले होते.

हे कळायला मला फार वेळ लागला म्हणून जरा सविस्तर सांगते. हिवाळी बुटांवरचा तापमानाचा आकडा कंपन्या आपापल्या पद्धतीने ठरवतात. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावलेली नसते. त्यामुळे एका कंपनीचे उणे ४० आणि दुसरीचे उणे ४० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय त्या आकड्यामागे बहुतेक वेळा हालचाल गृहीत धरलेली असते. माणूस चालतो तेव्हा पोटऱ्या आणि पावलांचे स्नायू उष्णता तयार करतात, रक्त खालपर्यंत खेळतं. बूट काही उष्णता निर्माण करत नाही, तुमचीच उष्णता धरून ठेवतो. स्नोमोबाइलवर शरीर काय करतं? अंगठा थ्रॉटलवर, म्हणजे वेग वाढवायच्या कळीवर, गुडघे वाकलेले, पावलं गाडीच्या कडेच्या पट्टीवर टेकवलेली. पावलांचं काम जवळजवळ शून्य. आणि शरीराला एकंदर गारठा जाणवला की ते पहिल्यांदा हातापायांच्या बोटांचं रक्त कमी करतं, कारण त्याला हृदय आणि मेंदू सांभाळायचे असतात. करंगळीची रवानगी पहिल्या फेरीतच होते.

त्यात गाडीच्या वेगाने अंगावर येणारा वारा. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ साली वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं जे सूत्र स्वीकारलं, त्यात उणे १५ अंश आणि ताशी ५० किलोमीटर वारा घातला तर उत्तर येतं उणे २९ च्या आसपास. आता ते सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आहे. बूट हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, तो उणे १५ च्या खाली जाणार नाही. पण शांत हवेत बुटाभोवती जो कोमट हवेचा पातळ थर टिकतो, तो वारा सतत ओरबाडून नेतो आणि बूट फार लवकर गार पडतो. खालून ॲल्युमिनियमची पट्टी उष्णता ओढत असते ती वेगळीच. माझ्या गाडीत सायलेन्सर उजव्या अंगाला आहे, त्यामुळे उजव्या पायाला थोडी ऊब मिळते. डाव्याच करंगळीने का दगा दिला हे त्या दिवशी कळलं नाही, दोन महिन्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं तेव्हा कळलं.

तर बूट निवडताना मी आता तापमानाच्या आकड्याकडे वळूनही बघत नाही. आत ऊब धरणारं अस्तर किती आणि कसलं आहे ते बघते. थिन्सुलेटसारख्या अस्तरावर २००, ४००, ८०० ग्रॅम असे आकडे असतात. ते बुटाचं वजन नव्हे, एक चौरस मीटर अस्तराचं वजन. ४०० ग्रॅममध्ये डोंगर चढणाऱ्याला घाम फुटेल. तासन्‌तास बसून जाणाऱ्याला ८०० च्या पुढचंच हवं, किंवा मग लोकरीच्या नमद्याचा जाड, सुटा निघणारा लायनर, म्हणजे बुटाच्या आतला बूट. एक अपवाद आहे. उभं राहून, गाडी एका अंगावर कलवत, खोल भुसभुशीत बर्फात डोंगरउतारावर खेळणारे लोक खरोखर घामाघूम होतात. त्यांना कमी अस्तराचा, पण घोटा घट्ट धरणारा बूट लागतो. मी त्यांतली नाही. मी आखलेल्या वाटेने झाडं बघत जाणारी बाई आहे, आणि बूटही तसाच निवडते.

माझी दुसरी चूक मोज्यांची. करंगळीच्या प्रसंगानंतर मी त्याच बुटांत मोज्यांवर मोजे चढवले. पाय आणखी गारठले! अस्तर ऊब देतं ते आत अडकलेल्या हवेमुळे. घट्ट कोंबून ती हवा पिळून काढली तर उरतो नुसता कापडाचा गठ्ठा. वर चवडा आवळला गेल्याने रक्तही अडतं. म्हणजे जाड मोजे हवेत तर बूट मुळातच अर्धा ते एक माप मोठा घ्यायचा, आणि मोज्यांचा जोड एकच, लोकरीचा. सुती मोजे नकोतच. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. सूत ओलं झालं की चिकटून बसतं.

ओल हाच खरा विषय आहे. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट जोराने उष्णता वाहून नेतं. ओल दोन वाटांनी येते, बाहेरून आणि आपल्याच पायातून.

बाहेरच्या ओलीबद्दल सगळे बोलतात. खाली रबराचा कवचासारखा भाग आणि वर चामडं किंवा कापड, ही जोडणी जुनी. एल. एल. बीन या अमेरिकी कंपनीचा शिकारी बूट १९१२ चा आहे आणि आजही बर्फातले कितीतरी बूट त्याच घाटाचे असतात. दुसरा मार्ग पातळ पडद्याचा. बॉब गोअरने १९६९ साली टेफ्लॉनच्याच जातीचा पदार्थ झटक्यात ताणून पाहिला आणि त्यातून गोअर-टेक्स नावाचा पडदा निघाला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून कितीतरी हजार पटींनी बारीक, पण वाफेला पुरेशी मोठी. दोन्ही मार्ग चांगले. फसवणूक होते ती ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बुटाच्या किती उंचीपर्यंत खरा आहे यात. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असते ती कुठवर? तिथवरच पाणी अडतं, वरचा भाग नुसती शोभा. मी आता नवा बूट आणला की आत वर्तमानपत्र कोंबते आणि टबात त्या शिवणीच्या खाली बोटभर येईल इतक्या पाण्यात तासभर ठेवते. कागद ओला निघाला की बूट परत. घरातले हसतात. हसू देत.

एवढ्या उंचीची गरज काय, असं मलाही वाटायचं. मग एकदा गोठलेल्या तळ्यावर ताईची गाडी रुतली. वरून पांढरंशुभ्र, सपाट, कोरडं. तिने पाय खाली टाकला तो अर्ध्या पोटरीपर्यंत पाण्याच्या रबडीत. होतं असं की वरच्या बर्फाच्या ओझ्याने तळ्यावरचा कठीण थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि वरच्या भुसभुशीत बर्फाच्या दुलईखाली न गोठता तसंच राहतं. दिसत नाही. ताईचे बूट उंच होते आणि पँटची आतली लवचीक पट्टी बुटावर घट्ट बसलेली होती. ती गाडी ढकलून बाहेर आली आणि आम्ही घरी गेलो, एवढीच ती गोष्ट. माझे त्या वेळचे घोट्याएवढे बूट असते तर गोष्ट लांबली असती.

आतली ओल मात्र चोरपावलांनी येते. पावलांना घामाच्या ग्रंथी भरपूर. बसल्या जागीसुद्धा पाय ओलावा सोडतच असतो. वाफ पडद्यातून बाहेर जाते हे खरं, पण कडाक्याच्या थंडीत ती अस्तर ओलांडून गार कवचाशी पोहोचते आणि तिथेच तिचं दव होतं, कधी चक्क हिमकण. मी एकदा लायनर उपसला तर कवचाच्या आत डीप फ्रीझसारखी पांढरी कवडी धरलेली. बाहेरून पाण्याचा एक थेंब आत गेला नव्हता, सगळी ओल माझीच होती. न निघणाऱ्या अस्तराचा बूट एका रात्रीत आतून वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कालची ओल पायात घालून निघता. म्हणून माझी एकमेव हट्टाची अट: लायनर सुटा निघालाच पाहिजे. बाकी सगळ्यावर तडजोड.

ही अट माझ्या आधी फार लोकांनी शोधलेली आहे. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरच्या कातड्याच्या बुटांत मोज्यांऐवजी वाळवून मऊ केलेलं गवत भरत. रात्री काढायचं, वाळवायचं, सकाळी पुन्हा भरायचं. नॉर्वेचा अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचला तेव्हा त्याच्या माणसांच्या बुटांतही असंच गवत होतं. सुटा लायनरच तो, फक्त दुकानात न मिळणारा. याच्या अगदी उलट डोकं अमेरिकी सैन्याने चालवलं. त्यांच्या पांढऱ्या ‘बनी बूट’मध्ये लोकर आणि नमदा रबराच्या दोन थरांच्या मध्ये बंदिस्त आहे. घाम आत शिरू शकत नाही, पाणी बाहेरून येऊ शकत नाही, अस्तर जन्मभर कोरडं. पाय ओलाच राहतो, पण ऊबदार ओला. हे बूट उणे ५४ अंशांसाठी बनवलेले, आणि त्यांना एक हवेची झडप असते. विमानात ती उघडायची, नाहीतर हवेचा दाब कमी झाला की बूट फुगतो. मला हे फार आवडतं. घालायला मात्र आवडले नाहीत. ताईच्या एका मित्राचे घालून पाहिले तर दोन भोपळ्यांत पाय घातल्यासारखं वाटलं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. सोल मऊ रबराचा, थंडीत लाकडासारखा न होणारा, खोल खाचांचा. स्नोमोबाइलच्या पट्टीवर दातेरी पकड असते, खाचा बर्फाने बुजल्या तर त्या दातांचा काही उपयोग नाही. पुढे लोखंडी टोपी असलेले कामगारांचे बूट नकोत, लोखंड गार लागतं. नाड्यांना बर्फ चिकटून त्यांच्या काड्या होतात. नाड्यांऐवजी बारीक तार आवळणारी बोआची फिरकी एका हाताने आवळता येते, पण तिच्यात बर्फ ठासला की ती अडते, शिवाय तार तुटली तर रानात गाठ मारता येत नाही. माझ्या बुटांना रुंद बकल आहेत आणि मी खूश आहे. बॅटरीवर तापणारे तळवेही वापरून पाहिले. लिथियमची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, आणि ज्या क्षणी ती संपते त्या क्षणी पाय लाडावलेले असतात.

दुकानात बूट घालून लोक चालून बघतात. मी बसते. खुर्चीच्या कडेला, गुडघे वाकवून, टाच जरा मागे, जशी गाडीवर बसते तशी, पुरती दहा मिनिटं. जाड लोकरी मोजा मी घरून नेते, आणि जाते ती संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे सुजलेले असतात तेव्हा. पायाची बोटं आतल्या आत मोकळी हलायला हवीत. घोट्याच्या पुढे जिथे बूट दुमडतो तिथे काही रुतत असेल तर ते दहाव्या मिनिटाला कळतं, दुसऱ्याला नाही. मग जाड हातमोजे घालून बकल उघडून आणि लावून बघते. विक्रेता आधी मदतीला येतो, मग लांब उभा राहतो.

घरी आलं की लायनर उपसून दोरीवर, कवच उलटं, आत वर्तमानपत्राचे बोळे. हीटरला टेकवायचे नाहीत. नमदा आटतो आणि सोलचा डिंक सुटतो. मी लायनरचे दोन जोड ठेवलेत, एक पायात आणि एक दोरीवर.

करंगळी मात्र बिघडली ती बिघडलीच. एकदा गारठलेलं बोट पुढेही थंडी लवकर धरतं, तसं झालंय. कितीही चांगला बूट असू दे, तासाभराने ती कुरकुर सुरू करते. मग मी हात वर करते, आम्ही दोघी थांबतो. मी खाली उतरून गाडीभोवती बर्फ तुडवत पन्नास पावलं चालते, आणि ताई हेल्मेटची काच वर करून विचारते, “काय म्हणतेय आपली धाकटी?”