जाणाऱ्यांची मोजदाद

ऑक्टोबर लागला की गोव्यात मोजामोजीला ऊत येतो. चार्टर विमाने किती उतरली, हॉटेलांच्या किती खोल्या भरल्या, गेल्या मोसमापेक्षा आकडा खाली का. वर्तमानपत्रांना दुसरा विषय सुचत नाही. त्याच दिवसांत आम्ही दोघे चोर्ला घाटातल्या एका कड्यावर चटई टाकून बसतो आणि जे इथे थांबणार नाहीत त्यांची नोंद ठेवतो. भोवत्ये, मोहोळघारी, गरुड, एखादा बहिरी ससाणा. उत्तरेकडून येतात, दक्षिणेकडे निघून जातात. खोली मागत नाहीत.

या छंदातले मोठे सुख म्हणजे पहाटे उठावे लागत नाही. बाकीचे पक्षीनिरीक्षक काळोखात गाड्या काढतात, आम्ही पाव-भाजी खाऊन सावकाश निघतो. शिकारी पक्ष्यांनाही घाई नसते. उन्हाने कातळ तापायला हवा, तापलेली हवा वर उठायला हवी. मग त्या हवेत गोल गोल फिरत पक्षी उंच चढतो आणि वरून पंख ताणून घसरत पुढच्या तापल्या उतारापर्यंत जातो. फडफड करायची ती अगदीच नाइलाज झाला तर. एवढ्या लांबच्या प्रवासात इतका आळस परवडू शकतो, हे पाहून मला तरी फार बरे वाटते.

पण घिरट्या घालणारा प्रत्येक जण प्रवासीच असतो असे नाही, आणि इथेच आमची पंचाईत होते. गोव्याचे आकाश मुळात रिकामे नाही. ब्राह्मणी घारी आहेत, साध्या घारी आहेत, दुपारी शीळ घालत फिरणारा सर्पगरुड आहे. हे सगळे इथलेच. हिवाळ्यात साध्या घारींमध्ये उत्तरेकडच्या, काळ्या कानाच्या, मोठ्या चणीच्या घारी येऊन मिसळतात आणि घोळ वाढवतात. एकदा गुरांमागून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "कितें पळयतात?" घारी मोजतो म्हटल्यावर त्यांनी वर नजर टाकली आणि म्हणाले, "त्यो आमच्योच न्ही?" आमच्या घारी कशाला मोजायच्या, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. कोण आपला आणि कोण भायला, यावर गोव्यात ग्रामसभा उधळतात; दुर्बीण हातात घेऊन तो वाद आकाशात नेणारे आम्हीच असू. आमचा नियम सोपा आहे. समोरच्या डोंगराच्या डावीकडून आला आणि उजवीकडच्या खिंडीपलीकडे दिसेनासा झाला, तर प्रवासी. तिथेच रेंगाळला तर गावकरी. अर्ध्यावरून परत फिरला, तर एक वजा.

माझा सोबती बँकेत कॅशियर होता. एखादा थवा भोवऱ्यासारखा वर चढत असताना तो मोजत नाही आणि मलाही मोजू देत नाही. गरगर फिरणाऱ्यांची गणती कधी जुळत नाही. तो वाट पाहतो. माथ्यावर पोचल्यावर पक्षी एकामागे एक रांगेत सुटतात, तेव्हा हातातले मोजणीयंत्र टकटक वाजू लागते. त्या वेळी त्याच्याशी बोलायचे नाही. नोटा मोजतानाही तो असाच असणार.

मोठी गर्दी इथे होत नाही, हे सांगून टाकलेले बरे. मेक्सिकोत व्हेराक्रूझला शरदात चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात, जॉर्जियात बातुमीला दहा लाखांच्या वर. तिथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मधली पट्टी अरुंद. रुंद पंखांचे पक्षी पाणी टाळतात, कारण समुद्रावर तशी तापून वर उठणारी हवा सहसा मिळत नाही. मग सगळे त्या चिंचोळ्या वाटेने लोटतात. आमच्याकडेही डोंगर आहे, समुद्र आहे, पण सह्याद्रीपलीकडे अख्खे दख्खन मोकळे पडले आहे. कोण कशाला आमच्या कड्यासमोरून जाईल? त्यामुळे वहीत शून्ये फार. तास, वारा, ढग, आणि पुढे शून्य. सोबती ते शून्यही ठसठशीत काढतो.

शून्य लिहिण्याचा कंटाळा आला की मला पेनसिल्व्हेनियातला हॉक माउंटन आठवतो. तिथल्या कड्यावर लोक शरदात बंदुका घेऊन जमत आणि जाणाऱ्या ससाण्यांना गंमत म्हणून पाडत. १९३४ साली रोझाली एज या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला, मॉरिस ब्राउन यांना रखवालदार नेमले आणि त्यांनी बंदुकवाल्यांना हुसकावता हुसकावता पक्षी मोजायला सुरुवात केली. मोजणी चालू राहिली, कोणाला विशेष पडलेली नव्हती. पुढे रॅचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हेच आकडे मांडले. १९३५ ते १९३९ या काळात तिथून जाणाऱ्या बाल्ड ईगल गरुडांत शेकडा ४० कोवळे, वर्षाच्या आतबाहेरचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० वर आले. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच. मोठे गरुड दिसत होते, म्हणून सगळे ठीक वाटत होते. मागून पोरे येत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकाचा तो प्रताप, हे हळूहळू उघड झाले. पहिली वीस वर्षे कोणी आळस केला असता, तर घट कशाच्या तुलनेत म्हणायची?

आमच्या वहीतून असले काही निघेल असे नाही. तरी नोव्हेंबरात आम्ही जास्त जागरूक असतो, कारण तेव्हा अमूर ससाणे येण्याची शक्यता असते. दीडशे ग्रॅम वजनाचा हा जीव सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, नागालँडला उतरून वाळवी खातो, भारत ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका गाठतो. पंख निमुळते, त्यामुळे तापल्या हवेची मिजास नाही. पाठीमागून ईशान्येचा वारा. याच सुमारास चतुरही समुद्रापार जातात आणि ससाणे वाटेत त्यांनाच खात असावेत, असा एक तर्क आहे. नाश्त्यासकट प्रवास. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी हे ससाणे जाळ्यांत धरून मारले जात होते, हजारोंनी. पुढच्याच वर्षी गावांनी ते बंद केले. एवढ्या झटपट शहाणपण आल्याची उदाहरणे माझ्या ऐकण्यात फारशी नाहीत.

वादाचा रकाना एकच, कैकराचा. मासे मारून खाणारा हा पक्षी घाटावरून खाली उतरताना दिसला, तर आम्ही 'गेला' असे लिहितो. पण रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीत बसावे, तर मांडवीतल्या एखाद्या खांबावर कैकर आरामात बसलेला असतो, पायाखाली मासा. थंडीचे मुक्कामाचे ठिकाण कैकर सहसा बदलत नाही, दरवर्षी तिथेच परततो. मी म्हणतो, याला प्रवाशांतून काढू या. हवा आवडली म्हणून येतो, मासळीशिवाय जेवत नाही, मार्चपर्यंत हलत नाही, आणखी काय पाहिजे? सोबत्याला हे मान्य नाही. बँकेच्या कागदांत आयुष्य गेलेला माणूस. तो म्हणतो, आधी मामलेदाराकडून पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणू दे.