अंदमान: बेटाच्या घड्याळावर चाललेला मधुचंद्र

मधुचंद्राला अंदमानला जायचं ठरलं की आधी रिसॉर्टचे फोटो बघितले जातात, मग विमानाचे दर. मी म्हणेन, त्याआधी पौर्णिमा कधी आहे ते बघा. या बेटांवर कोणत्या वेळी काय करता येईल हे बरंचसं चंद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण किनाऱ्यालगत प्रवाळाचे उथळ सपाट खडक पसरलेले असल्यामुळे ओहोटीला समुद्र नजरेच्या टप्प्याच्या टोकापर्यंत मागे जातो. दुपारी पोहायला आलेली जोडपी ओला खडक आणि चिखलात टेकलेल्या होड्या बघून वैतागतात. त्याच ओहोटीची वाट बघत आम्ही एका पहाटे अंधारात उठलो होतो, आणि सगळ्या प्रवासातली ती सर्वांत सुंदर सकाळ ठरली.

दुसरं घड्याळ सूर्याचं. अंदमान साधारण ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे, पण वेळ मात्र भारतभर चालते तीच. त्यामुळे आपल्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा इथे सूर्य सव्वा तासाहून जास्त आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त! सहाला मिट्ट काळोख. मग जेवणापर्यंत हातात मोठीच्या मोठी संध्याकाळ उरते, आणि तिचं काय करायचं ते पॅकेजमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

आमचं लग्न ठरवून झालेलं. साखरपुड्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, पण लग्नघरातली गर्दी, सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन यात दोघांनी निवांत बसून बोललोय असं झालंच नव्हतं. ते सगळं बोलणं त्या संध्याकाळांमध्ये झालं. त्यामुळे नव्या जोडप्यांना मी मनापासून सांगते, त्या रिकाम्या वेळात काही कोंबू नका.

एक कामाची गोष्ट आधीच सांगते. हॅवलॉक बेटाचं अधिकृत नाव आता स्वराज द्वीप आहे आणि नील बेटाचं शहीद द्वीप. ही नावं २०१८ मध्ये बदलली. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. बोलताना मात्र जुनी नावंच जास्त ऐकू येतात, त्यामुळे बोटीची तिकिटं काढताना दोन्ही माहीत असलेली बरी.

पोर्ट ब्लेअरला उतरलो त्याच दुपारी सेल्युलर जेलला गेलो. मधुचंद्राला आल्यावर पहिल्याच दिवशी तुरुंग कशाला, असं घरी दोघा-तिघांनी विचारलं होतं. मला ते पहिल्याच दिवशी हवं होतं. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते टाळून पुढे समुद्रात डुंबायला जाणं जमणार नाही, निदान मला जमलं नसतं.

१८९६ मध्ये बांधकाम सुरू झालं, १९०६ मध्ये पूर्ण झालं. मधल्या मनोऱ्यापासून सात तिमजली इमारती फाकलेल्या होत्या, त्यातल्या आज तीन उभ्या आहेत. रचना अशी, की एका इमारतीतल्या कोठड्यांसमोर पुढच्या इमारतीची पाठ यावी. कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये, एवढा विचार करून बांधलेली ही वास्तू आहे. आवारात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलाय. माणसाला बैलासारखं जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायला लावत.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला सावरकरांची कोठडी आहे. तिथे सगळे तात्यारावांबद्दल बोलत होते, ते साहजिकच आहे. माझ्या मनात मात्र येसूवहिनी आल्या. थोरले भाऊ बाबाराव याच तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी येसूवहिनी इकडे भेटीच्या परवानगीची वाट बघत राहिल्या. १९१९ मध्ये त्या गेल्या. भेट झालीच नाही. त्याच वर्षी धाकटे भाऊ नारायणराव विनायकरावांच्या पत्नी माईंना घेऊन इथवर आले, आणि विनायकरावांना वहिनी गेल्याचं तेव्हा कळलं. हातावरची मेंदी अजून पुसट दिसत होती माझ्या, आणि मी त्या गजांना धरून उभी होते. काय वाटलं ते नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटेना. तो काही बोलला नाही, शेजारी उभा राहिला. या माणसाबरोबर आयुष्य नीट जाईल असं मला पहिल्यांदा अगदी आतून वाटलं, ते तिथे.

दुसऱ्या दिवशी बोटीने नीलला. बहुतेक जण आधी हॅवलॉक करतात आणि जाता जाता नीलवर एक रात्र, किंवा तेवढीही नाही. आम्ही उलटं केलं, चंद्रामुळेच. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. त्या दिवसांत इथे मोठी ओहोटी पहाटे उजाडायच्या सुमाराला येते, आणि ती नीलवर बघायची होती.

नील छोटं आहे. जेट्टीपासून सीतापूरच्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटर. भरतपूर, सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशी सगळी रामायणातली गावं. मध्ये भाताची खाचरं, भाजीचे मळे, सुपारी, नारळ. पोर्ट ब्लेअरला जाणारी बरीच भाजी इथली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना सरकारने जमिनी देऊन ही बेटं वसवली, त्यामुळे घराघरांत बंगाली ऐकू येते. आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या मावशी लग्न होऊन कोलकात्याहून जहाजाने आल्या होत्या. तीन-चार दिवसांचा प्रवास, आणि त्याआधी समुद्र पाहिलेलाच नाही. "पहिला महिना नुसती रडत होते," म्हणाल्या, "मग तुझे काका मला ओहोटीला खडकावर घेऊन गेले." माशाचा झोल आणि भात वाढता वाढता त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावलं, की उद्या हिला उठवायचं काम तुझं.

पहाटे टॉर्च घेऊन लक्ष्मणपूरच्या दोन नंबरच्या किनाऱ्यावर पोचलो. नैसर्गिक पूल म्हणून जी कमान दाखवतात ती इथे आहे, लाटांनी प्रवाळी खडक पोखरून झालेली. तिच्यापर्यंत ओल्या, निसरड्या खडकांवरून चालावं लागतं, त्यामुळे मागे पट्टा असलेल्या चपला हव्यातच. कमान छान आहे, फोटोही छान येतो. पण खरा ऐवज तिच्या पायाशी आहे.

समुद्र मागे सरला होता आणि खडकांच्या खळग्यांमध्ये पाणी साचून राहिलं होतं. वाटाड्या दादा एकेका खळग्यापाशी उकिडवे बसून दाखवत होते. जाडजूड काळ्या समुद्रकाकड्या, तारामासे, खेकडे. एका खळग्यात मोठा शिंपला खडकात रुतून बसलेला, त्याच्या उघड्या ओठांची झालर गर्द निळी-जांभळी. आमची सावली पडली तसा तो मिटला. "हात लावायचा नाही," दादा आधीच म्हणाले होते. लावावासा वाटलाही नसता. प्रवाळाच्या फांद्यांची टोकं पाण्याबाहेर डोकावत होती, आणि जिथे पाय ठेवायचा तिथे आधी काय आहे ते बघूनच ठेवायचा, असा नियम आम्ही आपोआप घालून घेतला. मला पुढचा खळगा दिसला की मी नवऱ्याच्या बाहीला धरून ओढत होते आणि त्याला दिसला की तो मला. कितीतरी वेळ आमच्या बोलण्यात "हे बघ" याखेरीज दुसरं वाक्यच नव्हतं.

मग पाणी आलं. आधी खळगे एकमेकांना जोडले गेले, मग चिंचोळे ओहोळ वाहायला लागले. दादांनी परत फिरायला सांगितलं तेव्हा आम्ही उभे होतो त्या जागी घोट्याइतकं पाणी झालं होतं. इथे वेळेत निघणं फार महत्त्वाचं, कारण खडक एकदा पाण्याखाली गेला की पाय कुठे पडतोय ते कळत नाही.

दुपारच्या भरतीला भरतपूरला गेलो. सकाळी उघडा पडलेला किनारा आता काठोकाठ भरला होता. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले. जिवंत होते, आणि मेलेलेही पुष्कळ होते, हे सांगायलाच हवं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतात, तीच त्याला रंग आणि बरंचसं अन्न देतात. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अंदमानात २०१० मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. होडीतले लोक रंगीत मासा दिसला की ओरडायचे, पांढऱ्या-राखाडी ढिगाऱ्यांवरून गेलो की गप्प व्हायचे. पाण्यात उतरणार असाल तर अंगाला थरावर थर सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. आपण बघायला येतो ते टिकावं यासाठी एवढं तरी करता येतं. शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत, किनाऱ्यावर पडलेले असले तरी. विमानतळावर सामान तपासतात आणि काढून घेतात.

हॅवलॉक मोठं, गजबजलेलं. जेट्टीपासूनच भाड्याच्या स्कूटरी, कॅफे, डायव्हिंगवाल्यांच्या पाट्या. एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग केलं, गर्दी होती. राधानगर सुंदरच आहे. जवळजवळ दोन किलोमीटर पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल, आणि पश्चिमेला तोंड असल्यामुळे सूर्य थेट पाण्यात बुडतो. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. साडेतीनपर्यंत पोचा, नाहीतर अंधार पडताना जीवरक्षकांच्या शिट्या ऐकत परत निघावं लागतं. पूर्वेकडचे किनारे ओहोटीला रिकामे होतात, राधानगरला मात्र केव्हाही डुंबता येतं.

स्कूबाचं मला भय होतं. मला पोहता येत नाही. पहिल्या अनुभवासाठी ते यावंच लागतं असं नाही, प्रशिक्षक सतत धरून असतो आणि खोलीही बेताची असते. आधी कंबरभर पाण्यात सराव. तोंडाने श्वास घ्यायचा, कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची, आणि चार-पाच खुणा पाठ करायच्या. अंगठा वर म्हणजे "वर चला". "मजेत आहे" सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

खाली गेल्यावर पहिली दोन मिनिटं मला फक्त माझ्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मग समोरून पोपटमाशांची जोडी आली, खडकावर चोच घासत. त्यांच्या दातांचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. हे मासे प्रवाळी खडक कुरतडून शेवाळ खातात आणि उरलेला चुरा वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत त्यांचा मोठा वाटा असतो. मी मान वळवली तर थोड्या अंतरावर नवरा हाताचं वर्तुळ करून माझ्याकडेच बघत होता, मासे सोडून. मी वर्तुळ करून दाखवलं. वर येईपर्यंत आम्ही किती वेळा ते केलं असेल! डायव्हिंगनंतर निदान १८ तास विमानात बसू नका, म्हणजे ते शेवटच्या दिवशी ठेवायचं नाही.

आमच्या उलट्या क्रमाचा फायदा हॅवलॉकच्या रात्री कळला. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळे अंधार पडल्यापासून आठपर्यंत आकाश काळंभोर मिळालं. त्या वेळात वाटाड्यासोबत कयाक घेऊन खारफुटीच्या कडेने गेलो. वल्हं पाण्यात पडलं आणि भोवती निळ्या ठिणग्या उसळल्या. पाण्यातले एकपेशीय जीव हलवले गेले की प्रकाश टाकतात. चांदणं असलं तर हे जवळपास दिसतच नाही. नवरा वल्हवायचं थांबला आणि कयाक आपोआप सरकत राहिली, तिच्या मागे उजेडाची रेघ. तो लहान असताना गेलेल्या आजीबद्दल त्याने सांगायला सुरुवात केली. हे तो घरात कुणाशी बोलला नव्हता. चंद्र वर आला तरी आम्ही काठावर बसून तेच बोलत होतो.

बाराटांगला आम्ही गेलो नाही. तिथे जाणारा रस्ता जारवा या इथल्या मूळ आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला मनाई आहे. तरीही गाडीच्या काचेतून "दिसतात का बघू" अशी उत्सुकता लोकांच्या बोलण्यात येतेच. ज्यांचं जंगल आहे त्यांच्या अंगणातून तमाशा बघायला जाणं आम्हा दोघांनाही पटत नव्हतं. तिथल्या चुनखडीच्या गुहा राहिल्या, राहू देत.

दिवस थोडेच असतील आणि एकच बेट करायचं असेल तर माझं मत नीलला, तेही पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत. नवऱ्याचं मत हॅवलॉकला, कारण त्याला डायव्हिंगचा पुढचा अभ्यासक्रम करायचाय. त्याआधी मला पोहायला शिकवायचं त्याने कबूल केलंय, आणि येत्या सोमवारपासून आम्ही तलावावर जातोय.