भूकंपात पाइप किती दबतो ते कॅमेऱ्यानं मोजलं – माझा अनुभव

एम.टेक.ला मी विषय घेतला होता, भूकंपात कारखान्यातल्या पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, किती दबतो ते कॅमेऱ्यानं मोजायचं. आपल्या कोल्हापूर भागात साखर कारखाने ढीगभर, सगळीकडं वाफेच्या लाईनी, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा आमची आज्जी अजून काल झाल्यासारखा सांगते. शेक टेबल, म्हणजे भूकंपासारखं हलणारं टेबल, उद्यमनगरात बनवून घेतलं, दोन इंची पाइप शिरोलीतनं आणला, कुठंच अडलं नाही. अडलं ते कॉलेजच्या खरेदी विभागात, तब्बल सात आठवडे.

पहिल्यांदा फाईल परत आली ती ‘कॅमेरा’ या एका शब्दामुळं. कॅमेरा म्हणजे फोटोग्राफीचं सामान, लॅबच्या उपकरणांच्या खर्चाच्या हेडमध्ये बसत नाही, असा शेरा. दुसऱ्यांदा तीन कोटेशनपैकी एकाची मुदत संपलेली. तिसऱ्यांदा तिथले साहेब म्हणाले, "दोन-दोन कॅमेरे कशाला रे? मोबाईलवर घे की शूटिंग." त्या दिवशी मला रडू यायचंच बाकी होतं, कारण मोबाईलनं जमत नाही म्हणून तर एवढी पळापळ चाललेली. मोबाईल अख्खी फ्रेम एकदम टिपत नाही, ओळीमागनं ओळ वाचत जातो. त्याला १० मिलिसेकंद जरी लागले आणि टेबल ५ हर्ट्झनं दोन्ही बाजूला १०-१० मिमी हलत असेल तर मधोमध वेग सेकंदाला ३१४ मिमी होतो, म्हणजे एक फ्रेम पुरी होईपर्यंत पाइप ३ मिमी सरकलेला. आणि मला मोजायचं काय, तर एल्बोचा गोल चपटा होऊन लंबगोल होतो ते, मिलिमीटरच्या आतली गोष्ट! हे सगळं मी तोंडानं तीनदा सांगितलं, काही उपयोग झाला नाही. मग टेबलावर स्टीलची पट्टी उभी बांधली, टेबल चालू केलं, मोबाईल आडवा धरून शूट केलं आणि तोच व्हिडिओ थांबवून साहेबांना दाखवला. सरळ पट्टी तिरकी दिसत होती. त्यांनी दोनदा बघितलं, "असं होय" म्हणाले आणि सही केली. मी हेच पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं. तुम्ही अर्जात नुसतं कॅमेरा लिहूच नका, ‘विरूपण मापन यंत्रणा, ग्लोबल शटरसह’ असं लिहा. विरूपण म्हणजे आकार बदलणं, आणि ग्लोबल शटर म्हणजे अख्खी फ्रेम एकदम टिपणारं.

कॅमेरे आल्यावर दोघांना एकाच ट्रिगरवर बांधलं, म्हणजे फ्रेम एकाच क्षणी घेतील, चौकटीच्या पाटीनं कॅलिब्रेशन केलं, पाइपाला मॅट पांढरा रंग देऊन काळे ठिपके मारले. हे ठिपके किती सरकले ते दोन बाजूंनी बघूनच आकार कसा बदलला ते कळतं, म्हणून कॅमेरे दोन. चकचकीत रंग अजिबात नको, उजेड परततो आणि ठिपके हरवतात. लॅबमधल्या जुन्या ट्यूबलाईटनं मात्र एक दिवस खाल्ला. आपली वीज ५० हर्ट्झची, उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, त्यामुळं सेकंदाला २०० फ्रेम घेताना एक फ्रेम उजळ नि एक काळपट. डीसीवरचे एलईडी लावले तेव्हा थांबलं. अजून एक, टेबल हललं की जमीन हलते आणि ट्रायपॉडही, म्हणून लांबच्या भिंतीवर एक स्थिर खूण ठेवा आणि तिची हालचाल वजा करा.

स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजायची चिकटपट्टी, जिथं चिकटवली त्या एका जागेचाच ताण दाखवते. इथं कॅमेऱ्यानं एल्बोचा समोरचा सगळा भाग ताण घेताना स्क्रीनवर दिसला, तेव्हा मी लॅबमध्ये एकटाच होतो आणि लगेच आज्जीला फोन लावला.

आणि हो, कोटेशन घेताना मुदत ९० दिवसांची मागून घ्या, ३० दिवसांचं फाईल फिरेपर्यंत संपतं.